पुढच्या साथीसाठी वस्तीत खाटा घेऊन ठेवाव्यात का? (नागपूर)

मानेवाडा_रोड
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीच्या नागरिक मंडळाकडे थोडा निधी जमला आहे. मागच्या बैठकीत एक प्रस्ताव आला: समाजभवनात वीस लोखंडी खाटा, गाद्या आणि काही ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी मशीन) घेऊन ठेवायचे, म्हणजे २०२१ मधल्या कोविडच्या दुसऱ्या लाटेसारखी वेळ पुन्हा आली तर कुणाच्या पाया पडायला नको. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी घरची माणसं गमावली आहेत, त्यामुळे बैठकीत कुणी फारसं बोललं नाही. मीही तिथे गप्प बसलो, पण मला हा निधी असा खर्च होऊ नये असं मनापासून वाटतं.

शहरात तेव्हा खाटा मिळत नव्हत्या असं आपण सरसकट म्हणतो. पण नुसत्या खाटा भरपूर होत्या. आमदार निवासात होत्या, वसतिगृहांत होत्या. कळमेश्वर रस्त्यावर राधास्वामी सत्संगाच्या जागेत तर मे २०२० मध्येच पाच हजार खाटांचं कोविड केअर सेंटर उभारायला घेतलं होतं. मेडिकल आणि मेयो या आपल्या दोन सरकारी रुग्णालयांपैकी मेडिकलचं ट्रॉमा सेंटर आणि मेयोचं सर्जिकल कॉम्प्लेक्स, दोन्ही कोविडसाठी दिली होती. तरी एप्रिल २०२१ मध्ये लोक रुग्णवाहिकेत, ऑटोत, स्वतःच्या गाडीत पेशंट घेऊन धंतोलीपासून कामठी रोडपर्यंत फिरत होते.

माझा प्रश्न त्या काळात दवाखान्यात काम केलेल्यांना आणि पेशंट घेऊन फिरलेल्यांनाही आहे. सगळ्यात आधी काय संपलं? आणि एका वस्तीला त्यातलं काय हातात घेता येईल?

तर्री_पोहा
खाटा घ्यायच्याच असतील तं एक उपठराव जोडा भाऊ, की साथ नसताना दुपारी त्यावर पदाधिकारी झोपणार नाहीत. आमच्या वाचनालयातल्या सतरंजीचं काय झालं ते पाहिलंय मी, हाहा.

गोपालनगरची_सून
मानेवाडा_रोड, मी तुमच्याशी सहमत नाही. सासऱ्यांचं सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ आलं तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. हेल्पलाइनवर सांगितलं की अमुक दवाखान्यात बेड दिसतोय. तिथं गेलो तर गेटवरच 'फुल्ल' म्हणाले. दुसरीकडे आधी डिपॉझिट, मग तपासणी. तिसरीकडे खुर्चीवर बसवून ऑक्सिजन लावला, तोवर रात्र झाली होती. वस्तीत त्या दिवशी एखादं मशीन असतं तर मधले तास ते हवेसाठी तडफडले नसते. ते वाचले असते असं मी म्हणत नाही. पण त्या तासांना किंमत नाही असं मला कुणी सांगू नये.

बायोमेडिकल_भाऊ
ताई, तुमच्या त्या तासांना किंमत आहेच. मी गॅस पाइपलाइन आणि व्हेंटिलेटरच्या देखभालीत आहे, म्हणून ऑक्सिजनचं गणित मांडतो. ते कळलं की ठराव दुरुस्त करायला सोपं जाईल.

जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू असतो. नाकात साधी नळी लावून मिनिटाला दोन लिटर दिला तर एक सिलिंडर दोन दिवसांच्या वर चालतो. पिशवीचा मास्क (एनआरबीएम) लावून दहा लिटर दिला तर अकरा-बारा तास. आणि हाय फ्लो मशीनवर साठ लिटर सुरू केला तर तोच सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामा. म्हणजे एक हाय फ्लोचा पेशंट तीस हलक्या पेशंटइतका ऑक्सिजन ओढतो. दुसऱ्या लाटेत माणसं उशिरा, दमलेली आणि एकाच आठवड्यात आली. खाटा तेवढ्याच, वापर मात्र कितीतरी पट.

मोठ्या दवाखान्यात द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असते. आत उणे १८३ अंश. त्याचा वायू झाला की साधारण ८६० पट फुगतो. त्यासाठी टाकीशेजारी पंख्यांसारख्या पात्यांचं व्हेपोरायझर असतं, ते बाहेरच्या हवेतली उष्णता घेतं. ओढ फार वाढली की नागपूरच्या एप्रिलमध्येसुद्धा त्यावर बर्फ चढतो आणि दाब पडतो. आम्ही पाइपने पाणी मारत बसायचो. शेवटच्या मजल्यावरच्या शेवटच्या बेडला दाब पुरत नाही, कारण इमारतीची पाइपलाइन कधीतरी मोजक्या ऑक्सिजन बेडसाठी टाकलेली असते. टाकी भरलेली असून पेशंटला मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता वस्तीचं. घरगुती कॉन्सन्ट्रेटर बहुतेक पाच लिटरचा असतो. ८८ वर असलेल्या माणसाला दवाखाना मिळेपर्यंत त्याने आधार मिळेल. सॅचुरेशन आणखी घसरत असेल तर पुरणार नाही. आणि तो कपाटात ठेवून दिला तर आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन शोषणाऱ्या दाण्यांना) ओल लागते, दोन पावसाळ्यांनंतर मशीन चालू होतं पण ऑक्सिजन पुरेसा शुद्ध येत नाही. ठराविक काळाने काही तास चालवलाच पाहिजे.

इतवारीचा_बाप्पू
पाणी मारायचे म्हणजे? कूलरचं पाणी? आम्ही घरी कूलर बंद ठेवून ४३ डिग्रीत बसलो होतो की विषाणू पसरते म्हणून.

बायोमेडिकल_भाऊ
साधं नळाचं पाणी भाऊ. खिडक्या उघड्या ठेवून बाहेरची हवा ओढणारा आपला डेझर्ट कूलर घरात हवा खेळती ठेवतो. खरी काळजी बंद खोलीतल्या एसीची होती, त्यात तीच हवा फिरत राहते.

सिस्टर_उमरेडरोड
धागा काल वाचला. उत्तर द्यावं की नाही ठरत नव्हतं. त्या वेळी मी एका मोठ्या दवाखान्यात कोविड आयसीयूत होते.

मानेवाडा_रोड यांनी विचारलंय आधी काय संपलं. माणसं संपली. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर असावी असा नियम आहे. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, आजारपण धरलं तर एका बेडमागे चार-पाच सिस्टर लागतात. म्हणजे कुणी 'आणखी वीस आयसीयू बेड' म्हणालं की आमच्या डोक्यात शंभर जणींचा आकडा यायचा, आणि त्या शंभर जणी कुठे होत्या? कंत्राटी मुली घेतल्या, तीन-तीन महिन्यांच्या बोलीवर. चांगल्या, धीट मुली. पण कालपर्यंत जनरल वॉर्डात असलेली मुलगी आज व्हेंटिलेटरचा अलार्म ऐकून काय करणार? तिला शिकवायला मोकळा हात नव्हता. पहिली लाट ओसरली तशा त्यांच्या ऑर्डर संपल्या, दुसऱ्या लाटेत पुन्हा नव्या मुली, पुन्हा पहिल्यापासून.

आयसीयूचं बरंचसं काम वजनाचं असतं, हे बाहेर कळत नाही. पेशंटला पालथं झोपवायचं म्हणजे नळ्या सांभाळत चार-पाच जणांनी एकदम वळवायचं. त्याने सॅचुरेशन खरोखर सुधारतं, फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो. पण चार-पाच जण एका बेडशी लागले की बाकीच्या बेडकडे कोण? मावशी आणि वॉर्डबॉय दादा नसते तर आम्ही दोन दिवसही टिकलो नसतो. त्यांना किट सगळ्यात शेवटी आणि पगार सगळ्यात कमी, हे मला आजही बोचतं. आणि पीपीई किट. मे महिन्यातलं नागपूर तुम्हाला सांगायला नको. सहा-सात तास पाणी नाही, बाथरूम नाही. किट काढल्यावर बुटातून घाम ओतला जायचा.

नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांची कामंही आमच्याकडे आली. जेवण भरवणं, फोन लावून देणं, चष्मा शोधणं. एक आजोबा दर पाळीला विचारायचे, घरी गाईला कुणी चारा घातला का. मी त्यांच्या मुलाला फोन लावायचे आणि उत्तर आणून द्यायचे. ते बरे होऊन गेले. सगळे गेले नाहीत.

म्हणून सांगते, समाजभवनात वीस खाटा टाकाल, पण रात्री तीन वाजता विसाव्या खाटेवरच्या आजींचं सॅचुरेशन उतरतंय हे कोण पाहणार? ज्याला ते दिसत नाही त्याच्या ताब्यात पेशंट ठेवणं फार धोक्याचं. घरी असते तर निदान सून उशाशी बसली असती.

तर्री_पोहा
सिस्टर, दंडवत. सतरंजीचा विनोद बाजूला ठेवतो.

जनरीच_औषध
सगळे ऑक्सिजनवर बोलत आहेत. तेव्हा कोविडवर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या रेमडेसिवीर इंजेक्शनचं काय? एक-एका व्हायलसाठी (कुपीसाठी) लोकांनी दागिने मोडले. १९ एप्रिल २०२१ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतलेल्या याचिकेत नागपूरला दहा हजार व्हायल द्यायचे आदेश दिले होते. न्यायालयाला इंजेक्शनचा हिशेब करावा लागला, यातच व्यवस्थेची अवस्था आली.

मेडिकलचा_जुना_निवासी
बरोबर आहे. पण त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांसाठी ते वापरू नका असं सांगितलं होतं. ज्या औषधाने ऑक्सिजनवरच्या पेशंटचे प्राण वाचतात हे मोठ्या चाचणीत सिद्ध झालं ते डेक्सामेथासोन. कुठल्याही दुकानात मिळणारं, काही रुपयांचं. नातेवाईक रेमडेसिवीर शोधत शहरभर फिरत होते, तेव्हा पेशंटजवळ कुणी नव्हतं. चिठ्ठी लिहून देणाऱ्या आमच्याच लोकांवर माझा राग आहे.

सिस्टरांच्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. किती खाटा लागतील हे दोन गोष्टींवर ठरतं: रोज किती भरती होतात आणि प्रत्येक जण किती दिवस राहतो. रोज शंभर भरती आणि दहा दिवसांचा मुक्काम, तर हजार खाटा कायम भरलेल्या. मुक्काम सात दिवसांवर आणला तर सातशे. तीनशे खाटा कुणीही विकत न घेता मोकळ्या झाल्या. एप्रिलमध्ये जिल्ह्यात दिवसाला सात हजारांच्या वर नवे रुग्ण सापडत होते. त्यातले दहा टक्के भरती करावे लागले असं धरलं तरी दहा दिवसांच्या मुक्कामाने सात हजार खाटा लागतात.

आमच्या वॉर्डात बरेच पेशंट बरे झालेले असायचे, फक्त दोन लिटर ऑक्सिजनवरून सुटत नसायचे. आठ-आठ दिवस. घरी ऑक्सिजनची सोय नाही, म्हणून घरी सोडता येत नव्हतं. आणि खाली कॅज्युअल्टीत पंधरा लिटरवाला स्ट्रेचरवर.

सौंसरवाला
सौंसरहून लिहितोय, मध्य प्रदेश. आमच्या घरी मराठीच बोलतात, पोरींची सासरं नागपूर-काटोलकडे. त्या वेळी 'बाहेरचे पेशंट येऊन नागपूर भरवून टाकतात' असं खूप ऐकलं. आजही ऐकू येतं. आम्हाला तासा-दीड तासात नागपूर लागतं. माझ्या भावजयीची बाळंतपणं, वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन, सगळं नागपूरला. साथ आली म्हणून आम्ही एकाएकी परके कसे झालो?

संत्रा_मार्केट
भाऊ, परकं कोणी म्हणत नाही. पण कर नागपूरचे लोक भरतात आणि आमच्या माणसाला आमच्याच शहरात बेड नाही, तं राग येईल ना?

मूळची_गोंदियाची
संत्रा_मार्केट, राग समजतो, पण दिशा चुकतेय. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, तिकडून बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, सगळ्यांचा रस्ता 'नागपूरला घेऊन जा' इथेच संपतो. माझ्या गावाकडे २०२१ मध्ये शासकीय मेडिकल कॉलेज होतं, पाच वर्षं झाली होती सुरू होऊन. तरी रेफरची चिठ्ठी नागपूरचीच मिळायची. गडचिरोलीच्या टोकाकडून निघालेला पेशंट नागपूरला पोचेपर्यंत दिवस जातो. आणि ज्या महिन्यात नागपूर भरलं तेव्हा उलटा प्रवास सुरू झाला: नागपूरचे पेशंट अमरावतीला भरती झाले. अमरावतीकरांनी 'बाहेरचे' म्हटलं असतं तर?

मी हट्टाने सांगते, नागपूरचा बेड गोंदियात तयार होतो. तिथं पाच भूलतज्ज्ञ टिकले, टाकी बसली, तर इथला भार हलका. आपली मागणी तिथपर्यंत गेली पाहिजे.

अजनी_यार्ड
ऑक्सिजनवरून आठवलं. देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून भरून निघाली ती २३ एप्रिल २०२१ ला नागपुरात आली. सात टँकर होते. तीन इथे उतरवले, चार नाशिकला गेले. टँकर ट्रकसकट सपाट वॅगनवर चढवायचे. उंचीचा मोठा घोळ असतो: वरून विजेची तार, मध्ये पूल, बोगदे, घाट. म्हणून मोजूनमापून ठराविक उंचीचेच टँकर घ्यावे लागले. भिलाईचा पोलाद कारखाना आपल्या एवढा जवळ आहे म्हणून बरं, नाहीतर विदर्भाचे हाल वेगळेच असते.

ऑक्सिजन पोलादाच्या कारखान्यात असतो, पेशंट इथे असतात आणि मध्ये टँकर कमी, हे रेल्वेत राहून फार जवळून कळलं.

धंतोली_नर्सिंगहोम
मी छोटं रुग्णालय चालवतो. वर 'आधी डिपॉझिट, मग तपासणी' लिहिलंय, ते ज्यांनी केलं ते चूकच. मरणाऱ्याला दारात अडवायचं नसतं. पण आमचीही बाजू ऐका. मे २०२० च्या शासन आदेशाने खासगीतल्या ऐंशी टक्के खाटा ठराविक दरात आल्या. वॉर्डला दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटर नसलेल्या आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. दुसऱ्या लाटेत सिलिंडर, किट, सिस्टरांचे पगार, सगळं वाढलं. रात्री दोनला मी स्वतः एमआयडीसीत सिलिंडर भरायच्या रांगेत उभा होतो.

गोपालनगरची_सून
डॉक्टर, तुम्ही रांगेत उभे राहिलात त्याबद्दल आदर आहे. पण आमच्या बिलात किटचे पैसे रोज वेगळे लावले होते आणि विचारल्यावर पेशंट घेऊन जा म्हणाले. महापालिकेच्या लेखापरीक्षकाकडे तक्रार केल्यावर थोडे परत मिळाले. दर ठरवून भागत नाही, बिल पाहणारा माणूस त्याच दवाखान्यात बसलेला हवा.

धंतोली_नर्सिंगहोम
याला माझा पूर्ण पाठिंबा. माझ्याकडे बसवा.

सदर_बझार
नाशिकला २१ एप्रिलला टाकीची गळती होऊन २२ जण गेले, भंडाऱ्याच्या शिशू कक्षाची आग त्याच वर्षी जानेवारीत, वाडीतल्या कोविड रुग्णालयाची आग ९ एप्रिलला. ऑक्सिजनने भरलेल्या खोलीत ठिणगीला वेळ लागत नाही. समाजभवनात दहा मशीन, एक जुनं मीटर आणि बाहेर स्वयंपाकाचा गॅस. मला तर या ठरावाची भीतीच वाटते.

मानेवाडा_रोड
सगळ्यांचे आभार. जुना निवासी यांची ओळ धरून एक विचारतो. दोन लिटरवर अडकलेल्या पेशंटला घरी सोडता आलं असतं तर दवाखान्याची खाट मोकळी झाली असती. म्हणजे वस्तीचं मशीन समाजभवनात न लावता अशा घरी परतणाऱ्या पेशंटला द्यायचं. गोपालनगरच्या ताई म्हणतात तशा घरालाही, दवाखाना मिळेपर्यंत. असं चालेल?

मेडिकलचा_जुना_निवासी
उत्तम चालेल. डिस्चार्ज देणाऱ्या डॉक्टरने किती लिटर, किती दिवस हे लिहून दिलं पाहिजे आणि घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर हवं. दोन लिटरवर ९२ च्या खाली जायला लागला तर परत दवाखाना, वाट पाहायची नाही. पाच लिटरच्या मशीनला हे काम नीट जमतं. वीस खाटांच्या पैशात अशी मशीन घ्या.

सिस्टर_उमरेडरोड
आणि वस्तीतली दहा-बारा माणसं तयार करा. आशाताई, निवृत्त सिस्टर, कॉलेजची मुलं. ऑक्सिमीटर नेलपेंट पुसून, हात गरम करून लावायचं. सहा मिनिटं चालवून पुन्हा पाहायचं, ९४ च्या खाली आलं किंवा तीन-चार आकड्यांनी उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. शुद्धीत असलेल्या माणसाला पालथं झोपायला शिकवायचं. पेशंट लवकर कळला तर तो दोन लिटरवर येतो, उशिरा कळला तर साठवर. एवढं शिकवायला मी येईन, माझ्यासोबत आणखी दोघी येतील.

गोपालनगरची_सून
मशीन कुणाकडे आहे याची वही एकाच माणसाकडे ठेवा आणि त्याचा फोन रात्रीही सुरू पाहिजे. त्या रात्री मला नेमकं हेच हवं होतं. ठराव असा होणार असेल तर आमच्या घरचाही हिस्सा धरा.

संत्रा_मार्केट
मशीन द्यायचं तं शेजारच्या वस्तीतल्या पेशंटला देणार का? सौंसरवाल्याच्या पाहुण्यांना?

सौंसरवाला
हा प्रश्न मी विचारणार होतो.

मानेवाडा_रोड
देणार. आधी ज्याला डॉक्टरने लिहून दिलंय त्याला, पत्ता नंतर. हे ठरावातच लिहितो, म्हणजे त्या वेळी वाद नको. बायोमेडिकल_भाऊ, मशीन दर महिन्याला चालवून पाहायची जबाबदारी कुणाला द्यावी? आमच्याकडे एक इलेक्ट्रिशियन आहेत.

बायोमेडिकल_भाऊ
इलेक्ट्रिशियन पुरेसे आहेत, मी त्यांना शुद्धता मोजायला आणि फिल्टर धुवायला शिकवतो. मोजायचं यंत्र माझ्याकडचं वापरू. पाच लिटरचं मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट ओढतं आणि सलग चालतं, त्यामुळे लाइट गेली तर काय हे प्रत्येक घरात आधी पाहावं लागेल. साध्या इन्व्हर्टरवर फार वेळ निघत नाही, म्हणून प्रत्येक मशीनमागे एक छोटा सिलिंडर राखीव धरा आणि तो भरून देणाऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा. मशीन घेताना इथं नागपुरात दुरुस्ती करणारा कोण, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. रविवारी सकाळी दहाला येतो, समाजभवनाची किल्ली कुणाकडे असते?